मागचा रस्ता अजून आलेला नाही

गोळी बंद केल्यापासून मी मान वळवली की सातारा माझ्यामागून वळतो, जरा उशिरानं. आधी माझे डोळे पोचतात, मग ती जागा पोचते. मधे पांढरं असतं, आणि कानाच्या वर, कवटीच्या आतल्या बाजूनं चर्र होतं, ओल्या हातानं प्लग उपसताना होतं तसं. मग रस्ता येतो, रस्त्यावरची माणसं येतात, सगळ्यात शेवटी त्यांच्या सावल्या येतात.

पहिल्यांदा हे झालं ते स्वयंपाकघरात. मी गॅसकडून फळीकडं वळले आणि साखरेचा डबा ठेवला. फळी यायची होती. डबा खाली पडला, झाकण घरंगळत फ्रिजखाली गेलं. मग फळी आली आणि भिंतीला नीट चिकटून उभी राहिली.

आवाज ऐकून धैर्यशील दारात आला. धैर्यशील माझा नवरा. शाळेत पी.टी. शिकवतो, त्यामुळं घरातसुद्धा त्याच्या गळ्यात शिट्टी असते.

"चक्कर येतेय का तुला?"

"नाही. मी जागेवरच आहे. तूच उशिरा येतोस."

"मी कधीचा इथं उभा आहे, शरू."

"मी बघितलं तेव्हा नव्हतास."

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "पुन्हा बघ."

मी खिडकीकडं बघितलं आणि परत त्याच्याकडं. तो आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

गोळीचं मी त्याला सांगितलं नव्हतं. गोळी मी काही वर्षं घेत होते. त्याआधीच्या एका वर्षात मला पलंगावरून उठता येत नव्हतं. उठणं म्हणजे काय हेच विसरले होते. मनाच्या आजारांच्या डॉक्टर ओकांनी गोळी दिली आणि मी उठले. उठले ती कामालाच लागले. मी गाडी चालवायला शिकवते. माझी एक चंदेरी गाडी आहे, टपावर लाल अक्षरांची पाटी आहे, आणि डावीकडं माझ्या पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक आहे. चढउतारांच्या गावात धंदा बरा चालतो. आता मी इतकी ठीक होते की डॉक्टर स्वतःच म्हणाल्या, आपण कमी करत जाऊ, पण कित्येक महिने लावून, मला दाखवत दाखवत. धडधाकट माणसाला महिने कशाला लागतात? पाकीट संपलं, मी दुसरं आणलं नाही.

नंतरच्या दिवसांत उशीर वाढला. आणि उशिरा येणाऱ्या गोष्टी घाईनं येऊ लागल्या, त्यामुळं त्यांच्या चुका होऊ लागल्या. कपाट यायचं, पण मूठ उलट्या बाजूला. धैर्यशील यायचा, पण भांग उजवीकडं पाडलेला. मी सांगितलं की तो बोटांनी केस नीट करायचा. मला मात्र राग यायचा, कशाचाही. चमचा ताटलीवर वाजला तरी. हात घामेजलेले असायचे. आणि पाय बसायला तयार नसायचे. मी सोफ्यावर टेकले की पाय आधी उठून गॅलरीत जायचे, मी मागून पोचायची, तोवर ते परत फिरलेले असायचे.

एका सकाळी समोरच्या बिल्डिंगमधल्या पाटणकर वहिनी आल्या. हातात रिकामं पातेलं होतं.

"शरयू, एक सांगू का? राग मानू नकोस. तू आमच्या किचनच्या खिडकीकडं बघत जाऊ नकोस गं. आमचं घर परत येईस्तोवर दूध उतू जातं."

"मी मुद्दाम नाही बघत वहिनी."

"तसं कुठं म्हणतेय मी? पण रोजचं झालंय. आज सासऱ्यांची दाढी अर्धीच राहिली."

त्या गेल्यावर मी गॅलरीचा पडदा ओढून घेतला. तो पुन्हा उघडला नाही.

शिकवणं मी सोडलं नाही. त्या दिवसांत माझ्याकडं विजयमालाकाकू होत्या. साठी ओलांडलेली ठेंगणी बाई, स्टिअरिंगच्या वरून दिसावं म्हणून बसायला घरून उशी आणायच्या. त्यांचे मिस्टर, अण्णा, जन्मभर ट्रक चालवत होते. दारात स्वतःची जीप होती, पण बायकोला त्यांनी कधी तिचं दारसुद्धा उघडू दिलं नव्हतं. आता अण्णांची उजवी बाजू लकव्यानं गेली होती. व्यायामाला रोज न्यावं लागायचं आणि त्यांना उचलून बसवायला रिक्षावाले कुरकुरायचे.

"बोलायचं म्हणाल तर एकच शब्द राहिलाय," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "बरं. काय पण विचारा, बरं. लग्न झाल्यापासनं हा माणूस एकदा माझ्या कशाला बरं म्हणाला नाय. आता दुसरं काय येतच नाय तोंडात."

त्या हसल्या आणि हसता हसता गिअर पाडताना गाडीचे दात वाजवले.

काकूंच्या लवकर लक्षात आलं. पोवई नाक्याजवळ त्या म्हणाल्या, "मॅडम, आत्ता तुमी तिकडं बघितलं तवा ती पानाची टपरी नव्हती."

"येईल. तुम्ही समोर बघा."

"आली." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "पण त्यातला माणूस नाय आला."

मी बघितलं नाही.

त्यानंतर काही गोष्टी यायच्याच बंद झाल्या. आधी राधिका रोड. मी नाक्यावरून तिकडं वळले, थांबले, गाडीचे चारी इंडिकेटर लावून बसून राहिले. पांढरंच राहिलं. लोक मात्र त्या पांढऱ्यात पिशव्या घेऊन जात होते आणि भाजी घेऊन परत येत होते, तेव्हा रस्ता त्यांच्यापुरता असणार. मग मोती चौकाची डावी बाजू गेली. मग गाडीतले आरसे रिकामे झाले. मी शिकाऊ लोकांना सांगू लागले की आरशात तुम्हीच बघा आणि काय दिसतं ते मोठ्यानं बोला. त्यांना ते शिकवण्याचाच भाग वाटला.

जे बघेन ते जाऊ शकतं, आणि जे समोर आहे तेवढंच नक्की राहतं, हे कळल्यावर मी मान सरळ धरू लागले. मान हलली नाही की चर्र होत नव्हतं. पण जग बोळाएवढं झालं. घरात बेडरूम पलंगाच्या रुंदीची उरली, हॉल टीव्हीच्या रुंदीचा. दोन्ही बाजूंना पांढरं भिंतीसारखं उभं असायचं आणि रोज थोडं आत सरकायचं. दारातून जाताना माझे खांदे घासायला लागले.

तेव्हा धैर्यशील माझ्यासमोर उलटं चालू लागला. त्यानं ते स्वतःच ठरवलं. मी उठले की तो पुढं यायचा, माझ्या डोळ्यांसमोर उभा राहायचा आणि मी चालेन तसा मागं मागं जायचा, स्वयंपाकघरापर्यंत, मोरीच्या दारापर्यंत, जिन्यावरून खाली गाडीपर्यंत. मुलांना कवायत शिकवताना त्याला सवय होती. तरी जिन्यावर एकदा तो पडला आणि कोपर सोलवटून घेतलं.

"कशाला करतोस हे?" मी ओरडले. खरं तर मला रडायचं होतं, पण रडू अजून यायचं होतं.

"तुझ्यासमोर नसलो तर मी जाईन," तो म्हणाला. तो खाली बसून कोपरावर फुंकर घालत होता. "तू कपाटातले कपडे घालवलेस शरू. मी तीन दिवस हाच टी-शर्ट घालतोय."

त्या दुपारी विजयमालाकाकूंना चढ शिकवायचा होता. समर्थ मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्याला चढ आहे, तिथं मी सगळ्यांना नेते. मधेच थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि गाडी मागं न घसरता उचलायची. काकूंना ते जमत नव्हतं. क्लच सोडताना पाय थरथरायचा आणि गाडी आचका देऊन बंद पडायची.

"मागं कुणी आहे का बघा," मी म्हणाले.

"मान वळत नाय ओ माझी, पट्टा रुततोय. तुमीच बघा."

खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. पण चढावर गाडी बंद पडली होती आणि माझ्या हातांना काही तरी पटकन करायची घाई सुटली होती. मी मान वळवली.

चर्र झालं. मागची सीट आली नाही. मागची काच आली नाही. मागचा रस्ता आला नाही. त्याच्या जागी आईची खोली आली.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. गोळीच्याच काळात ती गेली. ती होती त्या हॉस्पिटलात मी सगळं केलं होतं: सह्या केल्या, औषधं आणली, मावशांना फोन केले, आलेल्यांना चहा दिला. सगळे म्हणाले, शरयू किती खंबीर आहे. ती खोली तेव्हा मी बघितली होती. पण ती आली आत्ता, पूर्ण, चढाच्या उतारावर. लोखंडी कॉट. सलाईनचा स्टँड. स्टीलच्या पेल्यात चमचा. कॉटखाली आईच्या चपला, तोंड दाराकडं केलेल्या, कारण तिला घरी जायचं होतं. कॉटवर आई, तिच्या पायांत माझे मोजे होते. तिला थंडी वाजायची म्हणून मी माझ्या पायातले काढून घातले होते. हे मला आठवतच नव्हतं.

गाडी मागं घसरू लागली. कॉट जवळ येऊ लागली. माझा पाय ब्रेकवर होता, पण तो तिथं असल्याचं मला अजून पोचलं नव्हतं.

आईनं मान उचलली.

"आलीस का शरू?"

"आले."

"मागं घे जरा गाडी. अजून जागा आहे."

कुणीतरी किंचाळलं. काकूंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक उपटल्यासारखा ओढला. बंपर कॉटच्या पायाला टेकला, सलाईनची बाटली हलली आणि हलत राहिली. मग खोली घडी पडल्यासारखी मिटली, चढ आला, आणि आमच्या बंपरला बंपर टेकवून दुधाचा टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर आमच्या काचेवर हात आपटत होता. टेम्पोच्या मागं बालवाडीची व्हॅन होती, आणि तिच्या खिडक्यांतून लहान लहान तोंडं बाहेर आली होती.

काकू उतरल्या. टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "शिकतोय, दिसत नाय का पाटी?" व्हॅनकडं बघून मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला. गाडी बाजूला घ्यायला त्यांनी त्याच ड्रायव्हरला लावलं. मग माझ्याकडं आल्या, किल्ली काढली आणि ब्लाउजमध्ये खोचली.

"मॅडम, तुमी काय घेता का?"

"घेत होते. बंद केलं."

"एकदम?"

"एकदम."

"अण्णांच्या गोळ्या मी एक दिवस विसरले तर डॉक्टर मला उभी सोलतो," त्या म्हणाल्या. "मिस्टरांचा नंबर सांगा."

नंबर मला आठवत होता. रस्त्याच्या कडेला दगडावर आम्ही बसलो. मी समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत राहिले, कारण तो एवढाच होता. बऱ्याच वेळानं धैर्यशील खांबाच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला. त्याला सगळं काकूंनीच सांगितलं. तो माझ्यावर रागावला नाही. त्याचा चेहरा तेवढा हळूहळू आला, आधी कपाळ, मग डोळे, आणि तोंड आलं तेव्हा ते घट्ट मिटलेलं होतं.

डॉक्टर ओकांच्या दवाखान्यातला पॅसेज त्या दिवशी लांबला होता. धैर्यशील उलटा चालत होता आणि मी त्याच्यामागं, नाही, त्याच्यासमोर. किती तरी वेळ दार येत नव्हतं. बाकावर बसलेले पेशंट आमच्याकडं बघून पाय आत घेत होते. शेवटी दार आलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय काय येत नाहीये?"

"राधिका रोड. मोती चौकाची डावी बाजू. आरसे. कपाट येतं, त्यातलं काही येत नाही."

"हे?" त्यांनी धैर्यशीलकडं हात केला.

"तो समोर असतो."

"माझ्याकडं बघा. आता दाराकडं. परत माझ्याकडं." त्या आल्या तेव्हा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांनी तो पुन्हा काढून ठेवला. "मी महिने लावून म्हटलं होतं."

"मी बरी होते."

"म्हणून तर कमी करू म्हटलं. सोडा नाही म्हटलं."

"आजार परत आला का?"

"आज सांगता येणार नाही. बहुतेक हे गोळी एकदम सुटल्यामुळं आहे. पुन्हा सुरू करू. सगळं जागेवर बसलं की पातळ औषधावर जाऊ आणि थेंबाथेंबानं खाली येऊ. मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, शिकवायचीही नाही. आणि जगणं नको वाटलं, तसलं काही मनात आलं, तर यांना सांगायचं, मला फोन करायचा. लगेच. तसं काही आहे का?"

"नाही. मला फक्त बसवत नाही."

त्यांनी लिहायला घेतलं. मी विचारलं, "गोळी घेतली की आईची खोली परत जाईल का?"

डॉक्टरांचा हात थांबला. धैर्यशील माझ्याकडं बघत होता. खोलीचं मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

घरी ऊन हॉलच्या त्या अरुंद पट्ट्यात उभं होतं. धैर्यशीलनं एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाणी धरलं होतं. दोन्ही बाजूंचं पांढरं त्याच्या दंडांना लागलं होतं.

"घे."

"आधी एकदा मागं बघू दे."

"नाही."

"ती तिथं आहे धैर्य. तिच्या पायात माझे मोजे आहेत."

"आणि मी? तू वळलीस की मी जातो. परतल्यावर येईन का?"

"माहीत नाही."

त्यानं पेला खाली ठेवला. गोळी मुठीत ठेवली. बराच वेळ तो हलला नाही. त्याच्या कोपरावरची खपली मला दिसत होती. लग्न झालं तेव्हापासून मी त्याच्याकडं इतका वेळ सलग बघितलं नव्हतं.

"जा," तो म्हणाला. "पण बस जाऊन तिच्याजवळ. तेव्हा बसली नव्हतीस. चहाच देत फिरत होतीस सगळ्यांना."

मी वळले. चर्र इतकं मोठं झालं की दात दुखले. मग खोली आली.

मी कॉटच्या कडेला बसले. माझे पाय पहिल्यांदाच जागेवर राहिले. आईनं माझा हात हातात घेतला. तिच्या हाताला व्हिक्सचा वास होता.

"जेवलीस?"

"नाही."

"धैर्यशील?"

"तोही नाही."

"मग इथं काय बसलीस? त्याला भूक निघत नाही." पण तिनं माझा हात सोडला नाही. "गाडीचं मागचं दार नीट लागत नव्हतं तुझ्या. केलंस का नीट?"

"केलं."

"केलं नसशील."

केलं नव्हतं. तेव्हा ते आलं. मला वाटलं होतं रडू डोळ्यांतून येईल, पण ते आधी खोलीत आलं. पेल्यात पाणी चढलं, चमचा तरंगला, कॉटखालच्या चपला ओल्या झाल्या आणि एकमेकींना धडकू लागल्या. मग ते माझ्यापर्यंत पोचलं. मी गुडघ्यांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, लहानपणी खरचटल्यावर हळद लावताना रडायची तशी, आई गं, आई गं म्हणत; आणि आई शेजारीच असल्यामुळं ती दर वेळी ओ देत होती.

पाणी कॉटच्या पट्ट्यांपर्यंत आलं तेव्हा ती म्हणाली, "मोजे ओले होतील. काढून घे."

मी मोजे काढले. तिचे तळवे अगदी गुळगुळीत होते, त्यांवर एकही रेघ नव्हती.

परत वळले तर हॉल आला नाही. पांढरं होतं. मी हातात मोजे घेऊन उभी राहिले. मागं वळावं तर आई, पण मागं वळले तर पुढचं कायमचं जाईल हे मला कळत होतं, जसं चढावर दुसऱ्यांदा गाडी बंद पडली की ती घसरणारच हे कळतं. पाय पुन्हा वळवळू लागले. ते मला सोडून कुणीकडं तरी निघणार होते.

तेव्हा शिट्टी वाजली. लांब, मग एक आखूड, पुन्हा लांब. मुलांना मैदानाच्या कडेवरून आत बोलवायची शिट्टी. पायांना ती कळली. ते निघाले आणि मी त्यांच्या मागून गेले. शिट्टी मोठी होत गेली, मधेच श्वास घ्यायला थांबली तेव्हा पायही थांबले, मग पुन्हा सुरू झाली. आधी शिट्टी आली, मग ओठ, मग लालबुंद झालेले गाल. तो पूर्ण आला तेव्हा त्याचे केस पिकलेले होते. सकाळी ते पिकलेले नव्हते. मी त्याला सांगितलं नाही.

त्यानं मूठ उघडली. गोळी घामानं विरघळायला आली होती. मी ती त्याच्या तळहातावरून चाटून घेतली.

पुढचे काही आठवडे गेलेल्या गोष्टी येत होत्या, पण गेल्या त्या क्रमानं नाही. आधी कपडे आले, धुऊन घडी केलेले. मग एका दुपारी मोती चौकातल्या माणसांचे नुसते आवाज आमच्या गॅलरीत आले आणि दोन दिवसांनी ते आवाज न्यायला चौक आला. आरशात माझा चेहरा आला तेव्हा तो बाजूला बघत होता. राधिका रोड आला, फक्त आता तो जरा अरुंद आहे. तिथल्या दुकानदारांना विचारलं तर ते म्हणतात, पहिल्यापासून एवढाच होता. पाटणकर वहिनींनी बासुंदी पाठवली. चर्र होणं थांबलं, आणि मी पुन्हा रात्रीची झोपू लागले.

आईची खोली आली नाही. मी मान वळवून बघायची. मागं नेहमी जे असायला हवं तेच असायचं.

मग डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, ड्रॉपरची बाटली. पहिला थेंब कमी केला त्या दिवशी शेजारची भिंत किंचित उशिरा आली. "चालेल," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "एवढा उशीर चालेल. थांबा, बसू दे, मग पुढचा." आम्ही थांबलो. भिंत वेळेवर येऊ लागली. मग पुढचा.

विजयमालाकाकू दुसऱ्या कुणाकडं शिकायला गेल्या नाहीत. शाळेच्या मैदानावर धैर्यशीलनं त्यांच्यासाठी चुन्यानं रस्ते आखले आणि त्या रोज सकाळी जीप घेऊन त्यावर फिरल्या. लायसन्स मिळालं त्या दिवशी त्या माझ्या दारात हॉर्न वाजवत आल्या. अण्णा मागं बसले होते, दोन उशा लावून पट्ट्यानं बांधलेले.

"चला मॅडम. बोगद्यापलीकडं जाऊन येऊ. तुमी नुसतं बसायचं."

आदल्याच दिवशी आणखी एक थेंब कमी झाला होता. मी धैर्यशीलकडं बघितलं. तो वेळेवर होता. "जाऊन ये," तो म्हणाला.

काकूंनी समर्थ मंदिराचा चढ एका दमात घेतला. वर बोगदा आला, दगडी, डोंगराच्या पोटात आरपार. काकूंनी दिवे लावले आणि आत शिरल्या. आत गार होतं. भिंती आरशांना लागतील इतक्या जवळ होत्या, आणि जसजसं आत गेलो तसतशा त्या आणखी जवळ आल्या. मागून अण्णांच्या श्वासाचा आवाज येत होता.

काकूंनी गाडी हळू केली. मग थांबवली.

"मॅडम, पलीकडचं तोंड कुठंय?"

समोर पांढरं होतं, बोगद्याच्या आकाराचं, कडेपर्यंत नीट भरलेलं.

"यायचंय अजून," मी म्हणाले.

"किती वेळ लागंल?"

"सांगता येत नाही."

"मागं घेऊ?"

मी मान वळवली नाही. "मागचं मला माहीत नाही."

"अण्णा, थांबू का?" काकूंनी मोठ्यानं विचारलं.

"बरं," अण्णा म्हणाले.

काकूंनी इंजिन बंद केलं. दिवे तसेच ठेवले. आणि त्या पांढऱ्यातून शेळ्या बाहेर यायला लागल्या. आधी दोन, मग दाटीवाटीनं, भिंत आणि गाडी यांच्या मधून अंग चोरत, काचांना अंगाचे केस घासत. सगळ्या चिंब भिजलेल्या होत्या, आईच्या कॉटखालच्या चपलांसारख्या. त्यांच्या अंगाची वाफ काचेवर बसत होती आणि काकू वायपर लावून ती पुसत होत्या, पण वाफ बाहेरून होती की आतून, ते कळत नव्हतं. कळपाबरोबर कुणी माणूस नव्हता. शेवटची शेळी बोनेटसमोर थांबली, पुढचे पाय वर ठेवून उभी राहिली आणि, शिंगांवरून पाणी ठिबकत असताना, आल्या वाटेकडं मान वळवून ओरडू लागली.